गोष्टीतले यंत्र, बाजारातले यंत्र

कामानिमित्त नागपुरास आलात म्हणजे गांधीबागेत पाऊल पडल्यावाचून राहत नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा असला तर कापडाच्या पेढ्या तेथेच, आणि थोडे गंजीपेठेच्या बाजूला सरकले की घाऊक औषधांचा बाजारही तेथेच. मेयो इस्पितळही जवळच. त्यामुळे या भागात औषधांच्या खोक्यांबरोबर रक्तदाब मोजायची यंत्रे, वाफारा घ्यायची यंत्रे, साखर तपासायची यंत्रे, बोटाला लावायचे चिमटे असा सगळा सरंजाम विकायला असतो.

अशा एखाद्या दुकानापाशी दहा मिनिटे उभे राहून पाहा. खेड्यावरून आलेला कोणी आपल्या आईसाठी साखरेचे यंत्र घेत असतो. तो दुकानदाराला काय विचारतो? "भाऊ, हे मोजते काय? चालते कायच्यावर? चुकलं त समजन कसं? अन् घरी वापराचं कोनं?" बस्स, चार प्रश्न. त्याच्यापाशी विज्ञानाची पदवी नसेल. पण खिशातला पैसा कष्टाचा आहे आणि घरी आई आजारी आहे. म्हणून प्रश्न नेमके पडतात.

आज मी आपणांस ज्या यंत्रांविषयी सांगणार आहे, ती मात्र गांधीबागेतल्या एकाही दुकानात मिळायची नाहीत. ती आहेत गोष्टींतली. विज्ञानकथांतून आणि चित्रपटांतून जी वैद्यकीय यंत्रे आपण पाहतो, म्हणजे अंगावरून नुसती फिरवली की रोग सांगणारी डबी, सुईवाचून टोचणारी नळी, जखम क्षणात बुजविणारा दिवा, ती ही यंत्रे. आपण म्हणाल, नसलेल्या यंत्रांचा विचार कशाला? त्याला दोन कारणे आहेत. एक असे की, आज जी यंत्रे खरी आहेत त्यांतली काही आधी कोणाच्या तरी कल्पनेत होती. आणि दुसरे असे की, हीच कल्पना वापरून भोळ्या माणसाला फसविणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही ठिकाणी कामास येतात ते गांधीबागेतले चार प्रश्नच.

आपल्याकडे अशी कल्पना काही आजची नव्हे. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीचा पाय लढाईत तुटतो आणि अश्विनीकुमार तिला धातूचा पाय देतात. शुक्राचार्यांची संजीवनी आपल्या घराघरांत माहीत आहे. दोन शकले जोडून जरासंधाला जिवंत करणारी जरा राक्षसीही माहीत आहे. या कथा सुंदर आहेत, पण त्यांत तो पाय कसा घडविला, गुडघ्यात वाकत होता की नाही, हे कोणी विचारीत नाही. देवाने दिला, एवढे पुरते.

विज्ञानकथेला मात्र एवढे पुरत नाही. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. पुढे कळले की ते डॉ. जयंत नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, हेतू हा की परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेकडे पाहावे. नारळीकर २०२५ साली गेले. ज्या विज्ञानकथेची वाट त्यांनी मराठीत रुळविली, तिची अट साधी आहे: गोष्टीतून विज्ञान काढून घेतले तर गोष्टच उभी राहता कामा नये. म्हणजे यंत्र हे नुसते शोभेचे नको. त्याला काही नियम हवेत आणि ते नियम गोष्टभर पाळले गेले पाहिजेत.

आता आपले चार प्रश्न घेऊन एकेक यंत्र पाहू.

पहिला प्रश्न: हे मोजते काय?

१९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली. अंतराळातून हिंडणाऱ्या जहाजाची ती कथा. तिच्यातला डॉक्टर एक छोटी डबी रोग्याच्या अंगावरून फिरवतो आणि निदान सांगतो. तिचे नाव ट्रायकॉर्डर. गंमत अशी की, त्या डॉक्टरच्या शस्त्रक्रियेची काही हत्यारे म्हणून मालिकावाल्यांनी चक्क मिठाच्या डब्या वापरल्या होत्या! पाहणाऱ्यांना ते कळलेही नाही. आकार चमत्कारिक आणि धरणाऱ्याचा चेहरा गंभीर असला की डोळे फसतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या डबीवरून स्फूर्ती घेऊन २०१२ साली अमेरिकेत एक मोठी स्पर्धा जाहीर झाली. घरच्या माणसाला वापरता येईल, हातात मावेल आणि डझनभर आजार ओळखील असे यंत्र करून दाखवा, अशी अट होती. २०१७ साली निकाल लागला, तेव्हा पूर्ण कसोटीला कोणीच उतरले नव्हते. सर्वांत पुढे आलेला चमू एका डॉक्टरचा आणि त्याच्या भावंडांचा होता. त्यांना ठरल्यापेक्षा कमी रकमेचे बक्षीस मिळाले. यात शिकण्यासारखे काय? एकच डबी सगळे काही मोजू शकत नाही. ताप मोजायला उष्णता लागते, साखर मोजायला रक्ताचा थेंब लागतो, हृदयाचे ठोके पाहायला त्यांतली वीज पकडावी लागते. प्रत्येक रोगाची खूण निराळी आणि ती टिपण्याची रीतही निराळी. म्हणून गोष्ट लिहिणाऱ्याने "हे यंत्र रोग सांगते" असे मोघम लिहू नये. कोणती खूण टिपते ते सांगावे; त्याने गोष्टीला वजन येते.

दुसरा प्रश्न: चालते कायच्यावर?

हा प्रश्न खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मोटार लावायला रात्री दोनला उठून विजेची वाट ज्याने पाहिली, त्याला यंत्राचा प्राण कशात असतो हे ठाऊक आहे.

१९५० नंतरच्या काळात अमेरिकेत मिनियापोलिस शहरी डॉ. वॉल्टन लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या हृदयाची लय बिघडे, तेव्हा तिला विजेचे बारीक बारीक झटके देऊन सांभाळावे लागे. ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. यंत्र ढकलगाडीवर ठेवायचे आणि तार पोचेल तेवढेच पोराने चालायचे. ३१ ऑक्टोबर १९५७ या दिवशी शहराची वीज गेली. मुलांचा जीव त्या तारेला टांगलेला! त्यानंतर डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बाकन या दुरुस्ती करणाऱ्या विद्युत तंत्रज्ञाला गाठले आणि घटावर चालणारे यंत्र करायला सांगितले. ठेका धरायला संगीतवाले जे टिकटिक यंत्र वापरतात, त्याची विद्युत जोडणी बाकनने एका मासिकात पाहिली होती. तीच त्याने थोडी बदलून घेतली आणि काही आठवड्यांत तळहातावर मावणारी पेटी तयार केली. लेकराच्या अंगाशी बांधून हिंडता येईल असे हे हृदयाचे पहिले घटावरचे यंत्र.

या बाकनला हे वेड कोठून लागले? त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे की, लहानपणी त्याने 'फ्रँकेन्स्टाइन' हा १९३१ सालचा चित्रपट पाहिला होता. मेरी शेली या इंग्रज लेखिकेच्या १८१८ सालच्या कादंबरीवरून तो काढलेला. त्यात विजेच्या झटक्याने प्रेतात प्राण येतो. इतर मुले राक्षसाला भ्याली, बाकनच्या डोळ्यांसमोर वीज राहिली. प्रेत काही उठत नाही, ते खोटेच. पण वीज आणि प्राण यांचे काही नाते आहे ही कल्पना त्या पोराच्या मनात रुजली. गुरुजी, आपल्या वर्गातले एखादे पोर भुताचा चित्रपट पाहून येऊन भलताच प्रश्न विचारते, तेव्हा त्याला लगेच गप्प बसवू नका.

तिसरा प्रश्न: चुकलं त समजन कसं?

२०२० सालच्या करोनाच्या साथीत बोटाला लावायचा चिमटा, ऑक्सिमीटर, आपल्या सर्वांच्या ओळखीचा झाला. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. तिच्यात गावोगावची पथके हा चिमटा आणि कपाळापासून दुरूनच ताप सांगणारे यंत्र घेऊन घरोघर फिरली. विचार करा, अंतराळ जहाजातल्या डॉक्टरची डबी म्हणजे याहून वेगळे काय होते? ती आली ती आशाताईंच्या पिशवीतून.

या चिमट्यामागची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत शोधली. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवायचा, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश अधिक सोडते आणि न दिसणारा अधिक शोषते. दोहोंच्या प्रमाणावरून आकडा निघतो. किती साधी आणि किती देखणी गोष्ट!

पण हाच चिमटा चुकतोही. बोट गार पडले असेल, नखाला जाड रंग लावला असेल, हात हलत असेल तर आकडा भरवशाचा नसतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, काळ्या वर्णाच्या रोग्यांत कधी कधी हा चिमटा प्राणवायू असतो त्याहून जास्त दाखवितो. म्हणजे रोगी खंगत असतो आणि यंत्र म्हणते, सर्व ठीक! त्यातही २०२१ साली बोटाऐवजी पेन्सिल ठेवली तरी आकडा दाखविणारी बनावट यंत्रे लोकांनी चित्रफितींतून उघडी पाडली. चांगल्या लेखकाला येथेच गोष्ट सापडते. कधीच न चुकणारे यंत्र हे गोष्टीचे मरण. यंत्र चुकते, कोणाच्या बाबतीत चुकते आणि ते कोणाच्या लक्षात येते, यातच नाट्य आहे.

चौथा प्रश्न: घरी वापराचं कोनं?

विश्पलेच्या पायाची आठवण आहे ना? १९६८ च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी एक कृत्रिम पाऊल तयार केले. ते जयपूर फूट म्हणून जगभर गेले. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, अनवाणी चिखलात उतरतो. जयपूरच्या पावलाला हे सर्व साधते, कारण करणाऱ्यांनी आधी माणूस पाहिला आणि मग पाय घडविला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. कल्पनेतले यंत्रही असेच हवे. ते कोणाच्या घरात, कोणाच्या हातात आणि कोणत्या जमिनीवर वापरले जाणार, हे सांगितले की यंत्राभोवतीचे जग आपोआप उभे राहते.

आता जरा कडू भागाकडे वळू.

हेच चार प्रश्न न विचारल्यामुळे शहाणी माणसेही फसली आहेत. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी डॉ. अल्बर्ट अब्राम्स याने विजेच्या पेट्या काढल्या होत्या. रक्ताच्या थेंबावरून सगळे रोग ओळखतो आणि पेटीने बरेही करतो, असे तो म्हणे. पेटी भाड्याने मिळे, पण ती उघडायची नाही अशी अट असे! कोणी तरी कोंबड्याचे रक्त माणसाचे म्हणून पाठविले, तर त्या कोंबड्याला एकाहून एक भयंकर रोग झाल्याचे उत्तर आले. आणि हे काही जुन्या काळीच घडले असे नव्हे. २००३ साली सुरू झालेल्या थेरानोस या अमेरिकी कंपनीने बोटातल्या थेंबभर रक्तावर शेकडो तपासण्या करण्याचा दावा केला. मोठमोठ्या लोकांनी पैसा ओतला. पुढे बिंग फुटले, २०१८ साली कंपनी बंद झाली आणि २०२२ साली तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांना फसविल्याबद्दल दोषी ठरली. तेथेही पेटीच्या आत काय चालते हे गुपितच होते.

आपल्याकडे हे लोण खेड्यापर्यंत पोचले आहे. माझ्या नात्यातल्या एका काकांची गोष्ट सांगतो. गावच्या समाजमंदिरात "संपूर्ण शरीर तपासणी शिबिर" लागले. मुठीत धातूची एक दांडी धरायची, तिची तार संगणकाला जोडलेली. दोन मिनिटांत तीस-चाळीस पानांचा रंगीत अहवाल हातात. यकृत अशक्त, हाडे अशक्त, साखर मात्र उत्तम! खाली त्यांच्याच चूर्णांची यादी आणि किमती. काका बारा वर्षांचे मधुमेही. साखर उत्तम म्हटल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या आणि चूर्ण धरले. चार महिन्यांनी पायाला काटा लागल्याचे निमित्त झाले, जखम भरेना, आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. काका आज हिंडतात-फिरतात, पण ते एकच वाक्य बोलतात, "मी विचारलंच नाही रे, की ही दांडी मोजते काय."

मंडळी, दांडीतून साखर कळत नाही. तिला रक्तच लागते. ज्याने हा एक प्रश्न विचारला असता त्याची बोटे वाचली असती. १९५४ सालच्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने काही ठरावीक रोगांवरच्या उपायांची जाहिरात करण्यास बंदी केली आहे आणि त्या रोगांत मधुमेहही आहे. तेव्हा असा कोणी गावात आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा, आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही सोडू नका.

आता गुरुजनांसाठी एक सूचना. विज्ञानाच्या तासाला मुलांना एक काल्पनिक वैद्यकीय यंत्र रचायला सांगा. विषय आपल्या मुलखातलाच घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. नागपूर भागातल्या त्याच्या नोंदी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केल्या. या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि अंगात असह्य कळा येतात. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष बाळगणारे असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक संभव असा की मूल आजारी निघेल. १ जुलै २०२३ पासून या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

मुलांना सांगा: कळा सुरू होण्याच्या आधी इशारा देणारी एक पट्टी रचा. मग फळ्यावर चार प्रश्न लिहा. मोजते काय? अंगातले पाणी, ताप, प्राणवायू, यांतले काय? चालते कशावर? घट संपला आणि तालुक्याचा बाजार आठ दिवसांनी असला तर? चुकली तर? उगाच वाजली तर एक दिवस शाळा बुडते. वाजायला हवी तेव्हा वाजली नाही तर? वापरणार कोण? ते पोर, आई की आशाताई? मुले उत्तरे शोधता शोधता विज्ञानही शिकतील आणि गोष्टही.

आणि एवढे झाले की फळ्यावर पाचवा प्रश्न लिहा. तो गांधीबागेत कोणी विचारीत नाही, कारण तो दुकानातला नसून घरातला आहे: हे आणखी कोणाला कळते?

समजा, ती पट्टी मोठ्याने वाजते. भर वर्गात वाजली, बसमध्ये वाजली, पाहुणे मुलगी पाहायला आले असताना वाजली. मग? रोग सांगणारे यंत्र माणसाची लाजही सांगते काय? त्या मुलीचे लग्न मोडेल की तपासणी करून लग्न जुळवायची शहाणी चाल गावात पडेल? पट्टी तीच, पण एका गावात ती शाप ठरेल आणि दुसऱ्या गावात वरदान. गोष्टीतले जग उभारायचे म्हणजे चकचकीत डबी रंगवायची नव्हे. ती डबी घरात आल्यावर सासू, सून, मास्तर, सावकार, डॉक्टर हे एकमेकांशी कसे वागू लागतील ते पाहायचे. ज्या मुलाने वहीत हे लिहिले, तो उद्या खरे यंत्र करील तेव्हा ते हलक्या आवाजात वाजेल असे करील.

तेव्हा मंडळी, कल्पनेला अडवू नका. बाकनने चित्रपट पाहिला म्हणून कित्येक लेकरांची हृदये चालती राहिली. फक्त यंत्र गोष्टीतले असो, शिबिरातले असो की गांधीबागेतल्या काउंटरवरचे, त्या खेड्यावरच्या माणसासारखे प्रश्न विचारा. जो विकणारा उत्तर देतो त्याचे ऐका. जो "पेटी उघडू नका" म्हणतो, त्याला नमस्कार करून घरची वाट धरा.